बॅरलाची बडदास्त

२०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं आणि जाताजाता आमच्या भाटातला एक माड विजेच्या तारांवर आडवा पाडून गेलं. गोव्याच्या फोंडा तालुक्यातला आमचा वाडा तीन दिवस अंधारात. तिसऱ्या दिवशी फ्रीजमधल्या इसवण माशाने आपली खबर शेजाऱ्यांपर्यंत स्वतःच पोचवली. तेव्हा मी डिझेल जनरेटर घ्यायची शपथ घेतली आणि दुर्दैवाने ती पाळली.

जनरेटरची टाकी १५ लिटरची. फ्रीज, विहिरीचा पंप, पंखे आणि आईची मालिका एवढा भार टाकला की तासाला दीड लिटर जातं. म्हणजे दहा तास. दहा तास खूप वाटतात, पण दहावा तास भरतो तो पहाटे तीनला, नाहीतर ऐन आरतीत. गेल्या गणेशचवथीला तेच झालं. घुमटवादन रंगात आलेलं, झांजा टिपेला, आणि जनरेटरने दोन उचक्या देऊन मान टाकली. तापलेल्या इंजिनाजवळ डिझेल ओतायचं नाही, म्हणून मी दातात टॉर्च आणि हातात नरसाळं धरून अर्धा तास पावसात उभा. आत आरती थांबली नव्हती. उलट माझा आवाज नसल्यामुळे ती बरी चालली होती, असं नंतर मेव्हण्याने सांगितलं.

"बॅरल बसवूया, पात्रांव," मिस्त्री म्हणाला. "दोनशे लिटर. पाच दिवस बघायला नको."

बायकोने विचारलं, "अहो, घरात एवढं डिझेल ठेवायला परवाना लागत नाही?" मी अभ्यास करून बसलो होतो. १९३४च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल ‘ब’ वर्गात येतं. एकेका भांड्यात १,००० लिटरपेक्षा जास्त नसेल, तर एका जागी एकूण २,५०० लिटरपर्यंत परवाना लागत नाही. म्हणजे कायद्याने मला आणखी २,३०० लिटरची मोकळीक होती. बायकोने ती दिली नाही.

मागच्या पडवीत चिऱ्यांचा ओटा बांधून त्यावर बॅरल चढवलं, कॅन भरभरून आणून ओतलं. तोटी, फिल्टर, नळी, सगळं झालं. जनरेटरची मूळ टाकीही मी काठोकाठ भरून ठेवली. दूरदृष्टी! त्याच रात्री वीज गेली आणि मी विजयी मुद्रेने झोपलो.

पहाटे आई ओरडली. पडवीतून डिझेलचा ओघळ निघून अंगण ओलांडून थेट तुळशीकडे चालला होता. डिझेल इंजिनाचा एक स्वभाव मला तेव्हा कळला. ते लागेल त्याहून जास्त डिझेल ओढतं आणि उरलेलं एका बारीक नळीने टाकीत परत पाठवतं. आम्ही ओढायची नळी बॅरलाला जोडली, परतीची तशीच जुन्या टाकीत ठेवली. इंजिन बॅरलातून जेवत होतं आणि उरलंसुरलं रात्रभर भरल्या टाकीत वाढत होतं.

"रिटर्न लाईन राहिली की!" मिस्त्री माशाच्या हुमणात मीठ राहिल्याच्या सुरात म्हणाला.

ती जोडली. जोडताना नळीत हवा शिरली आणि मग ती काढता काढता आमच्यातली हवा गेली. तुळस वाचली. अंगणाला मात्र दिवाळीपर्यंत पेट्रोलपंपाचा वास होता.

त्यानंतर सुरू झाला बॅरलाचा औषधपाण्याचा काळ. उभं बॅरल श्वास घेतं, खरंच. दिवसा तापलं की आतली हवा फुगून बाहेर जाते, रात्री गार झालं की बाहेरची आत येते, आणि आपल्या पावसाळ्यात हवा म्हणजे अर्धं पाणीच. झाकणावर पागोळ्यांचं पाणी साचलं असेल तर बुचाच्या फटीतून तेही ओढलं जातं. पाणी डिझेलहून जड, त्यामुळे तळाशी बसतं आणि त्या दोहोंच्या सीमेवर जंतू वस्ती करतात. त्यांची सोय बघून मला हेवा वाटला: खाली पाण्यात राहायचं, वर डिझेल जेवायचं. त्यांचा काळा बुळबुळीत गाळ मग फिल्टरात अडकतो. म्हणून दर पंधरवड्याला मी तळाची तोटी उघडून बाटलीत पाणी काढतो आणि उजेडात धरून बघतो. ते बघताना पाहुणे आले तर चेहरे गंभीर करून बसतात.

बरं, एवढं करूनही डिझेल सहा महिने-वर्षात म्हातारं होतं. आणि वीज? त्या पहिल्या रात्रीनंतर ती इमानदार झाली आहे. जाते, पण अर्ध्या तासात परत येते. भाच्याला म्हटलं, तुझ्या पिकअपला घाल. तो म्हणाला, "मामा, नव्या प्रदूषण नियमांची, बीएस सिक्स आहे ती, तिला असलं नाही चालत."

तेव्हा आता दर रविवारी मी घर विजेवरून जनरेटरवर नेणारा चेंजओव्हर खाली ओढतो आणि चांगली वीज असताना जनरेटर लावतो. गेल्या रविवारी त्याची घरघर ऐकून शेजारच्या भाऊंनी आपला दिवा लावूनही न बघता लाईनमनला फोन केला. तो भर पावसात आला. खांब बघितला, तारा बघितल्या, शेवटी आमचा बोर्ड बघितला.

"म्हणजे लाईट आहे, आणि तुम्ही जनरेटर लावलाय?"

"डिझेल संपवतोय."

त्याने रेनकोट काढून बाल्कांवाच्या कठड्यावर वाळत घातला, सोप्यावर बसला आणि म्हणाला, "किती उरलंय?"

"एकशे चाळीस लिटर."

"मग चहा टाका."