आधी कोण सुटतो
जिप्सी घेतली तेव्हा आई तिच्यात एकदाच बसली, देवगड ते जामसंडे, आणि उतरल्यावर म्हणाली, पुढच्या वेळी मी चालत येईन.

चूक जिप्सीची नाही. चारही चाकांना ट्रकसारखे पाटे, म्हणजे एकावर एक पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दोन्ही अ‍ॅक्सल अखंड, त्यामुळे डाव्या चाकाखाली खड्डा आला की ती बातमी उजव्या चाकाला आणि तिथून थेट आपल्या मणक्याला. म्हटलं घरीच बदलू, नरम पाटे, त्यांच्या टोकांत बसणारे नवे रबरी बुश, नवे शॉकअप, सगळं मागवलं. व्हिडिओत तो दाढीवाला चाळीस मिनिटांत गाडी उचलून हात पुसत होता, पण त्याच्या गावात समुद्र नसणार.

जॅक लावला तर गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच तांबड्या मातीत खाली गेला. मग खाली फळी. चेसिसखाली जांभ्याचे चिरे लावायचा विचार होता, पण चिरा विचारून फुटत नाही, सो गपचूप स्टँड आणले.

पाटे अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट रात्रभर डिझेल पाजल्यावर सुटले एकदाचे. पाट्याच्या पुढच्या बोल्टाचा नट पण निघाला, बोल्ट मात्र बुशच्या आतल्या नळीत खाऱ्या हवेने असा गंजून बसलेला की फिरवला तर रबरासकट फिरायचा आणि सोडला की परत जागेवर. हातोडा झाला, पान्याला पंपाचा जुना पाइप जोडून त्यावर लोंबकळून झालं. शेजारचे तात्या फणसाखाली खुर्ची टाकून बसलेले. मी म्हटलं, तात्या, काही काम होतं का? तर म्हणतात, "नाय रे, तू आणि बोल्ट, आधी कोण सुटता ता बघूक इलंय."

शेवटी ग्राइंडर. अर्धा बोल्ट कापला आणि लाइट गेली. जळक्या रबराचा वास मात्र आईच्या आमटीपर्यंत पोचला होता, जेवताना कोणी काही बोललं नाही.

असे तीन रविवार. चौथ्या रविवारी आईला आग्रहाने बसवलं. गाडी तितकीच कडक, वर दर खड्ड्याला कुईं कुईं. नंतर कळलं, रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून, वजन आल्यावरच आवळायचे असतात, मी हवेत आवळले, त्यामुळे खाली उतरवल्यापासून रबर पिळूनच बसलंय. म्हणजे चार पाट्यांची आठही टोकं परत सैल करायची.

पाना घेऊन गाडीखाली शिरलो, तर फणसाखाली खुर्ची ओढल्याचा आवाज आला.