सुख मानण्यावर असतं, तर सगळे देश सारखेच सुखी असते

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. नुसतं 'पटलं नाही' असं म्हणून तुम्ही थांबला नाहीत, का पटलं नाही तेही नीट मांडलंत. म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देते.

काही देश इतरांपेक्षा सुखी का असतात, याबद्दल लिहिताना मी म्हटलं होतं की गरिबीच्या वर आल्यानंतर पैशापेक्षा जास्त फरक पडतो तो एकमेकांवरच्या आणि सार्वजनिक व्यवस्थेवरच्या विश्वासाने. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे. सुख मानण्यावर असतं, ते मोजता येत नाही. सुखी देशांच्या याद्या पाश्चात्त्यांनी स्वतःच्या सोयीने केलेल्या असतात. फिनलंड एवढा सुखी, तर तिथे आत्महत्या का होतात? छोट्या, एकजिनसी, श्रीमंत देशांचे दाखले इतरांच्या काय कामाचे? आणि जिथे माणसं एकटीच राहतात, कुटुंब नावाला उरतं, तिथे कसलं आलंय सुख?

दरवर्षी निघणाऱ्या जागतिक सुख अहवालात (World Happiness Report) देशांची जी यादी असते, तिच्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. उत्पन्नाला इतके गुण, आरोग्याला इतके, अशी बेरीज करून तज्ज्ञ मंडळी क्रमांक लावतात, असं पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात क्रमांक ठरतो तो एकाच प्रश्नावर. बहुतेक देशांत दरवर्षी साधारण 1000 लोकांना विचारलं जातं: 0 ते 10 पायऱ्यांची एक शिडी डोळ्यांसमोर आणा, सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे सर्वांत वाईट, आज तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात? तीन वर्षांच्या उत्तरांची सरासरी काढली की क्रमांक तयार. उत्पन्न, निरोगी आयुर्मान, भ्रष्टाचार, मोकळीक हे सगळं त्यानंतर तपासलं जातं, फरक कशामुळे पडला असेल ते समजून घेण्यासाठी. चांगलं आयुष्य म्हणजे काय, हे ज्याचं त्याने ठरवायचं. 2018 ते 2025 अशी सलग आठ वर्षं फिनलंड पहिला आला तो तिथल्या लोकांनी स्वतःच्या आयुष्याला दिलेल्या गुणांवर. 2025 च्या अहवालात फिनलंडची सरासरी 7.74 होती आणि अफगाणिस्तानची 1.36.

पाश्चात्त्य कारस्थानाच्या मुद्द्यावर एवढंच सांगते की देशाच्या प्रगतीत सुखाचाही विचार व्हावा, हा ठराव 2011 साली संयुक्त राष्ट्रांत भूतानने पुढे आणला होता आणि पहिला जागतिक अहवाल त्यानंतरच, 2012 मध्ये निघाला. भूतानची आठवण काढली की मला मात्र दुसरंही आठवतं. सकल राष्ट्रीय सुखाची भाषा जगाला देणाऱ्या या देशातून 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे एक लाख नेपाळीभाषक लोकांना बाहेर पडावं लागलं आणि नेपाळमधल्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढावी लागली. राष्ट्राचं सुख मोजताना राष्ट्रात कोणाला धरलंय, हे विचारल्याशिवाय मी तरी पुढे जात नाही.

आता 'मानण्यावर असतं' याबद्दल. एकाच देशातल्या दोन माणसांची तुलना केली तर तुमचं म्हणणं बऱ्याच अंशी खरं आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसलंय की समाधानी असण्यात उपजत स्वभावाचा वाटा मोठा असतो. पण देशादेशांतला फरकही स्वभावाचाच असता, तर देश सोडून गेलेल्या माणसाने आपलं सुख किंवा दुःख सोबत नेलं असतं. 2018 च्या अहवालात नेमकं हेच तपासलं होतं. शंभरहून अधिक देशांत बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांची उत्तरं वेगळी काढली आणि त्यांची तिथेच जन्मलेल्यांच्या उत्तरांशी तुलना केली. दोन्ही याद्या जवळपास सारख्या निघाल्या. स्थलांतरितांच्या यादीतही पहिला फिनलंडच. मूळ देशाची थोडीफार छाप राहते, पण बहुतेक फरक नव्या जागेचाच असतो. ज्याचं बालपण दुसऱ्याच भाषेत आणि दुसऱ्याच देवांच्या सावलीत गेलं, त्या माणसाचं स्वतःच्या आयुष्याबद्दलचं मत शेजाऱ्यांच्या मताजवळ सरकतं. माणूस तोच आहे. बदललंय ते त्याच्या अवतीभवतीचं.

म्हणूनच 'सुख मानण्यावर असतं' हे वाक्य दुसऱ्याला ऐकवलं जातं तेव्हा मला त्रास होतो. स्वतःपुरतं ते बळ देतं, हे मान्य. पण उपचार परवडत नाहीत म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्याला ते ऐकवणं म्हणजे त्याच्या हालांची जबाबदारी त्याच्याच डोक्यावर ठेवणं आहे.

आत्महत्यांचा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं झालं. 1990 च्या सुमारास फिनलंडमध्ये दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे 30 आत्महत्या होत होत्या. जगातल्या सर्वांत जास्त प्रमाणांपैकी ते एक होतं. तिथली काळोखी थंडी, दारू, मितभाषी माणसं, यांना दोष देऊन गप्प बसणं सोपं होतं. फिनलंडने मात्र 1987-88 मधल्या बारा महिन्यांत देशात झालेली प्रत्येक आत्महत्या अभ्यासाला घेतली. घरच्यांशी बोलले, उपचार करणाऱ्यांशी बोलले, कागदपत्रं पाहिली. किती जणांचं नैराश्य कुणी ओळखलंच नव्हतं, किती जणांना अपुरे उपचार मिळाले होते, ते समोर आलं. मग डॉक्टर, शाळा, सैन्य, चर्च, सगळ्यांना कामाला लावलं. आज ते प्रमाण निम्म्याहून खाली आलं आहे. थंडी आणि काळोख तेवढाच आहे. आत्महत्या अजूनही होतात आणि त्यातली प्रत्येक जिव्हारी लागणारीच आहे. पण तुम्ही ज्याला फिनलंडच्या सुखाविरुद्धचा पुरावा म्हणता, त्यात मला ते सुख कसं उभं राहिलं याची गोष्ट दिसते.

'श्रीमंत आहेत, एकजिनसी आहेत, त्यांचं काय' हा मुद्दा सर्वांत जास्त ऐकू येतो. एकजिनसीपणाचं म्हणाल तर 1918 साली याच फिनलंडमध्ये यादवी झाली आणि तीस हजारांहून जास्त माणसं मेली, त्यातली हजारो कैद्यांच्या छावण्यांत उपासमारीने आणि रोगराईने. मारणारे आणि मरणारे एकाच देशाचे होते. त्याआधी, 1866 ते 1868 च्या दुष्काळात लोकसंख्येच्या सुमारे आठ टक्के लोक गेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत संघाला युद्धाची भरपाई फेडता फेडता 1952 उजाडलं. आणि शाळेत प्रत्येक मुलाला मोफत जेवण देण्याचा कायदा त्यांनी कधी केला? 1943 साली, ऐन युद्धात. 1948 पासून तो पूर्णपणे लागू झाला. तेव्हा तो देश कुठल्याही अर्थाने श्रीमंत नव्हता.

त्या जेवणाचं एक वैशिष्ट्य मला फार महत्त्वाचं वाटतं. ते गरिबांसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे. आईबापांच्या उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. डॉक्टरांचा मुलगा आणि सफाई कामगाराची मुलगी एकाच रांगेत उभी राहतात, एकाच भांड्यातलं वाढून घेतात. कोण फुकट जेवतंय आणि कोण पैसे देऊन, हे मुलांना कळायचा प्रश्नच येत नाही. व्यवस्था आपल्याला हात पसरायला लावणार नाही, हे त्या मुलाला सातव्या वर्षी कळतं आणि मोठेपणी कर भरताना ते विसरलं जात नाही. विश्वास हवेतून येत नाही, असं मी म्हणते ते याच अर्थाने.

तो किती मोजता येतो, तेही पाहा. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 40 देशांतल्या 355 शहरांत सतरा हजारांहून जास्त 'हरवलेली' पाकिटं बँका, टपाल कार्यालयं, हॉटेलं अशा ठिकाणच्या काउंटरवर नेऊन दिली गेली. मालकाशी कोण संपर्क साधतं, ते पाहायचं होतं. स्वित्झर्लंड, नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन वरच्या टोकाला होते. पण मला त्याहून मोलाचं वाटलं ते हे की पैसे नसलेल्या पाकिटांपेक्षा पैसे असलेली पाकिटं जास्त परत आली, आणि हे जवळजवळ सगळ्याच देशांत घडलं. 2025 च्या अहवालात याची पुढची बाजू आहे: आपलं पाकीट परत मिळेल असं ज्यांना वाटतं, ते स्वतःच्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी असतात, आणि लोक आपल्या समाजाबद्दल जो अंदाज बांधतात, त्यापेक्षा प्रत्यक्षात कितीतरी जास्त पाकिटं परत येतात. म्हणजे काही दुःख निव्वळ एकमेकांना कमी लेखण्याचं आहे.

पैशाचं महत्त्व मी नाकारत नाही. गरीब देशांत तर त्याच्यासारखं दुसरं काहीच नाही. पण 2025 च्या यादीत कोस्टा रिका सहाव्या स्थानावर आहे आणि अमेरिका चोविसाव्या. कोस्टा रिकाचं दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या निम्म्यालाही पोचत नाही. 1948 साली त्यांनी सैन्य बरखास्त केलं, दवाखाने आणि शाळांवर खर्च केला. गेली तीस वर्षं तिथले आरोग्यसेवक ठरवून दिलेल्या वस्तीत घरोघरी जातात आणि तिथली माणसं सरासरीने अमेरिकनांपेक्षा जास्त जगतात. उलट 2024 च्या अहवालात वयानुसार देशांच्या वेगळ्या याद्या काढल्या, तेव्हा साठीच्या वरच्यांच्या यादीत अमेरिका दहावी होती, तर तिशीच्या आतल्यांच्या यादीत बासष्टावी. देश तोच, श्रीमंती तीच.

शेवटी कुटुंब. इथे तुमच्याशी मी अर्धी सहमत आहे. 2025 च्या अहवालानुसार युरोपात आणि मेक्सिकोत चार-पाच जणांच्या घरातले लोक सर्वांत समाधानी आढळले, आणि काल हसलात का, आनंद वाटला का, असं विचारलं तर लॅटिन अमेरिकेतली माणसं उत्तर युरोपातल्या देशांना सहज मागे टाकतात. फिनलंडमध्ये चाळीस टक्क्यांहून जास्त घरांत एकच माणूस राहतो, हेही खरं. पण एकटं राहणं आणि कुणी नसणं यात फार अंतर आहे. 'अडचणीत सापडलात तर हाकेला धावून येईल असा नातेवाईक किंवा मित्र आहे का?' असा आणखी एक प्रश्न याच पाहणीत असतो. फिनलंडमध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त लोक 'हो' म्हणतात. आणि कुटुंब हाच एकमेव आधार असला तर त्याची दुसरी बाजूही तुम्ही विचारात घ्या. मार खाऊनही जी बाई घर सोडू शकत नाही कारण बाहेर तिला कोणतीच व्यवस्था सांभाळणार नाही, तिच्या घरात पाच माणसं आहेत म्हणून तिला वरच्या पायरीवर कसं बसवायचं? या मुद्द्यावर तुमचं काय म्हणणं आहे, ते मला खरोखर ऐकायचं आहे.