फिरत्या मेसेजमधलं अ‍ॅजाइल आणि आमच्या फळ्यावरचं

नागपुरातल्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांत सॉफ्टवेअर बनवायच्या पद्धतींवर सध्या एक मेसेज फिरतोय. सार असं: अ‍ॅजाइल (थोडं थोडं करून, दाखवून, सुधारत जायची पद्धत) म्हणजे ना प्लॅन, ना कागद. लीन (कामातली नासाडी कमी करायची पद्धत) म्हणजे माणसं कमी करून उरलेल्यांना पिळणं. ठरलेल्या किमतीच्या कामात, म्हणजे आपल्या नेहमीच्या कामात, दोन्ही निरुपयोगी. रोज उभ्याने घ्यायची मीटिंग म्हणजे छळ. खरं इंजिनिअरिंग वॉटरफॉलच, म्हणजे सगळं आधी ठरवून एकामागून एक टप्पे. परसोडीच्या आयटी पार्कात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे लिहिणाऱ्याचा वैताग कळतो. बहुतेक मुद्दे मात्र पटत नाहीत.

आधी प्लॅन आणि कागद. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी लिहिलेला अ‍ॅजाइलचा जाहीरनामा जेमतेम पानभर आहे. भाराभर कागदपत्रांपेक्षा चालतं सॉफ्टवेअर मोलाचं, हे त्यात आहेच. पण कागदपत्रं आणि आराखडा यांनाही मोल आहे, हेही तिथेच लिहिलंय. मेसेजवाल्याने नेमकी तीच ओळ गाळली. प्लॅनिंगचं म्हणाल तर पूर्वी आम्ही वर्षातून एकदा डोकं लावायचो, आता दर दोन आठवड्यांनी लावावं लागतं.

ठरलेल्या किमतीचा मुद्दा जरा सविस्तर. कळमन्यातल्या एका संत्र्याच्या आडत्याचं हिशोबाचं सॉफ्टवेअर आम्ही करत होतो. किंमत पक्की, तारीख पक्की. यादीत आधी काय, नंतर काय, एवढं त्याच्या हाती. त्याने शेतकऱ्याची हिशोबपट्टी सगळ्यात वर ठेवली. तिसऱ्या आठवड्यात छापलेली पट्टी दिवाणजींच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर सरकवला, दहा सेकंद पाहिलं आणि म्हणाले, "हमाली आधी दाखवा नं भाऊ, मग तोलाई. शेतकरी तसंच वाचते." हे कुठल्याही सह्या केलेल्या दस्तऐवजात आलं नसतं. पुढे जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला आणि आडत (आडत्याची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. पट्टीतला आडतीचा रकाना गेला. खरेदीदाराचं बिल अजून लिहायचंच होतं, ते नव्या नियमाने लिहिलं. तारीख पाळली, शेवटचे चार रिपोर्ट आडत्याच्याच संमतीने वगळले. त्याने ते पुन्हा कधी मागितले नाहीत.

आता लीन. त्याचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात. तिथले अभियंते ताईची ओनो यांनी सात प्रकारची नासाडी मोजली: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, खोळंबा, पडून राहिलेला साठा वगैरे. त्या यादीत 'जास्तीची माणसं' नाहीत. सॉफ्टवेअरमधला साठा म्हणजे अर्धवट काम, आणि तो डोळ्याला दिसत नाही, हीच अडचण. म्हणून आम्ही प्रत्येक कामाची चिठ्ठी फळ्यावर लावतो. एकदा 'चालू' रकान्यात १४ चिठ्ठ्या होत्या, माणसं पाच. प्रत्येक चिठ्ठीवर विचारलं की उत्तर एकच, नव्वद टक्के झालं. मग ठरवलं, एका वेळी सहाच. तिसऱ्याच दिवशी एक पोरगा रिकामा बसलेला साहेबांना दिसला. "हा काऊन बसला?" नवीन चिठ्ठी घ्यायला जागा नव्हती, म्हणून तो टेस्टिंगला जाऊन बसला. अडकलेल्या तीन चिठ्ठ्या संध्याकाळपर्यंत सुटल्या. साहेबांना ते पटायला दोन महिने लागले, ही गोष्ट वेगळी.

रोजच्या मीटिंगबद्दल मेसेजवाला बरोबर बोलतोय. पाऊण तास उभं करून हजेरी घेणं हा छळच. पण ही मीटिंग ज्या स्क्रम नावाच्या कार्यपद्धतीतून आली, तिच्या मार्गदर्शिकेत ती १५ मिनिटांची आहे आणि काम करणाऱ्यांनी आपापसात दिवस ठरवण्यासाठी आहे, साहेबाला जबाब देण्यासाठी नाही.

उरलं वॉटरफॉल. त्याचा उगम म्हणून अमेरिकेतले सॉफ्टवेअरतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांचा १९७० चा निबंध दाखवतात. त्यात 'वॉटरफॉल' हा शब्दच नाही. एकामागून एक टप्प्यांची आकृती आहे, आणि हे असंच राबवलं तर धोका आहे, अपयशाला आमंत्रण आहे, असं रॉइस यांनी स्वतःच लिहिलंय. सॉफ्टवेअर पहिल्यांदाच करत असाल तर ते दोनदा करा, हा सल्लाही त्याच निबंधातला.