छोटूच्या नाटकात आईचं सूप

परवा लेकीच्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं. पाचवीचं नाटक होतं, बालमजुरीवर. गोष्ट तुम्ही न बघताच सांगाल. चहाची टपरी, काजळाच्या मिशा काढलेला मालक, "ए छोटू, दोन कटिंग!", फुटलेला कप, कानाखाली आवाज. मग शाळेच्या बाई येतात, 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन लागतो, पोलीस मालकाला धरून नेतात आणि छोटूच्या हातात पाटी येते. माझी लेक पोलीस होती. टोपी सारखी डोळ्यांवर येत होती, पण सॅल्यूट झकास मारला. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.

तरी या नाटकाशी माझं भांडण आहे. पालकसभेत गोष्ट वाचून दाखवली तेव्हाच मी म्हटलं होतं, बाई, आपली शाळा सोलापूरच्या पूर्व भागात आहे, इथं घरोघरी विड्या वळतात, एखादा प्रसंग विडीचा घ्या की. बाई म्हणाल्या, "पालकांना वाईट वाटेल ओ. त्यांनाच बोलल्यासारखं होईल." बाईंचं अगदीच चूक नव्हतं. शेवटी दोन मिनिटांचा एक प्रसंग मिळाला आणि त्यासाठी विड्या वळायचं सूप आमच्या घरून गेलं.

ती मुलगी स्टेजवर आली, खाली बसली आणि सूप समोर जमिनीवर ठेवून नुसते हात हलवू लागली. मागच्या रांगांतून एकदम हसू फुटलं. "अगं मांडीवर घे, मांडीवर!" कुणी तेलुगूत पान कसं धरायचं ते ओरडून सांगितलं. छोटूला मार बसताना गप्प बसलेला मांडव तेवढी दोन मिनिटं जागा झाला. शेजारी बसलेली माझी आई पुटपुटली, "सूप असं धरत्यात व्हय?"

मी चौथीत असताना शाळेतून आले की दप्तर कोपऱ्यात आणि मी आईसमोर. रात्री भिजवलेली पानं आई सकाळीच पत्र्याच्या मापानं कापून ठेवायची. तंबाखू भरून विडी वळायची, दोरा बांधायची आणि सुपात टाकायची. तोंडं बंद करायचं काम माझं. लहान बोटांना ते जमतं, म्हणून घरोघरी ते पोरांकडेच असायचं. मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. उलट आई मधूनच डोक्यावरून हात फिरवायची आणि केसांना तंबाखूचा वास लागायचा. शिंका यायच्या. वर्गात कुणी त्यावरून चिडवत नसे, कारण बऱ्याच जणींच्या केसांना तोच वास असायचा.

आता सांगा, मी 1098 ला फोन करून कुणाचं नाव सांगायचं होतं? आईचं?

मजुरी हजार विड्यांवर. हजार भरल्या की पैसे, त्यातून छाट निघाली, म्हणजे खराब म्हणून बाजूला काढल्या, तर तेवढ्या गेल्या. मोजणीत विडी कुणाच्या बोटांनी मिटवली हे दिसत नाही, आणि कुणी विचारतही नाही. विडी कामगाराच्या कार्डावर नाव एकट्या आईचं, हजार मात्र आम्ही दोघी मिळून भरायचो. एकट्या बाईच्या हातांनी घर चालेल असा दर असता तर तिनं मला समोर बसवलं असतं का? मला नाही वाटत.

कायदाही उंबऱ्याशी येऊन थांबायचा. 1966 च्या विडी आणि सिगार कामगार कायद्यानं 14 वर्षांखालच्या मुलांना विडीच्या कारखान्यात काम करायला मनाई केली, पण राहतं घर त्याच्या व्याख्येत कारखाना नव्हतं. 1986 च्या बालकामगार कायद्यानं ज्या कामांत मुलांना बंदी घातली त्या यादीत विडी होती, आणि घरच्या माणसांनी मिळून चालवलेल्या कामाला सूटही त्याच कायद्यात होती. 2016 च्या दुरुस्तीनं 14 वर्षांखालच्या मुलांना सगळ्याच कामांत बंदी केली, ठेवणाऱ्याला 20 ते 50 हजारांपर्यंत दंड किंवा तुरुंगवास किंवा दोन्ही ठेवलं. तिथंही घरच्या धंद्यात शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत हातभार लावायला मुभा राहिलीच, फक्त काम धोक्याच्या यादीतलं नको. "शाळा सुटल्यावर" हे शब्द ज्यांनी लिहिले त्यांनी संध्याकाळी सहा वाजता सुपासमोर बसलेली पोर कधी बघितली असेल असं वाटत नाही.

गंमत अशी, की त्याच कार्डावर मला पुढं विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणजे माझ्या शिक्षणाला माझीच बोटं कामी आली म्हणायची. अर्थात ही गंमत मला आज नोकरी लागल्यावर सुचतेय. शेजारच्या घरातली थोरली सातवीतच घरी बसली, तिला यात गंमत दिसणार नाही.

आणि हे एकट्या विडीचं नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती, ते सांगायला नको. स्नेहसंमेलनाच्या दिवसांतच गाळप जोरात असतं. ऊसतोडीच्या फडात नवरा-बायको मिळून एक कोयता, मजुरी टनावर, वर मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची असते. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळणारी, पाणी आणणारी, उसाची वाढं बांधणारी आठ-नऊ वर्षांची पोर कुठल्याच हिशोबात नसते. तिच्यामुळं वाढलेला टन मात्र असतो.

म्हणून मला त्या काजळाच्या मिशांचा राग येतो. तो मालक इतका वाईट असतो, की मांडवातल्या प्रत्येकाला वाटतं, आपण काही तसले नाही. टपरीवर पोरं राबतात हे खरंच आहे, ते दाखवूच नका असं माझं म्हणणं नाही. पण पाचवीतल्या मुलांना भागाकार येतो. हजाराचा दर, छाट आणि घरखर्च यांचा हिशोब स्टेजवर मांडला तर त्यांना तो पोलिसांच्या एन्ट्रीपेक्षा लवकर कळेल.

घरी येताना रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मला वाटलं, लागलं तिला. मग म्हणाली, "मालक दाखवला, पोलीस दाखवला. विड्या मोजून घेणारा कुठं दाखवला?"

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी दाखवू."

"मग नीट लिही. छाट काढताना तो आमच्या तोंडाकडं बघत नव्हता."

बाईंशी बोलले, पुढच्या वर्षीचा तो प्रसंग लिहायचं काम माझ्याकडं आलंय. अडचण एवढीच, की ब्रँचमध्ये, म्हणजे विड्या मोजून द्यायच्या जागी, आई आत जायची आणि मी बाहेर पिशवी धरून उभी असायची. आत काय बोलणं व्हायचं ते मला ऐकू येत नसे. तुमच्यापैकी जे आत गेलेत, किंवा ज्यांची आई-आजी गेलीय, त्यांनी खाली लिहा. मोजणारा काय म्हणायचा, बाया काय म्हणायच्या, जसंच्या तसं. तेलुगूत असेल तर तेलुगूत लिहा, शेजारच्या मावशींकडून समजून घेईन.