नकाशा जांभळा झाला, तेव्हाच पाणी गेलं

शहररचनेच्या नकाशांत उद्योगांच्या पट्ट्याला बहुधा जांभळा रंग देतात. हिरवा पुसून तिथे जांभळा भरला जातो, त्या बैठकीला बहुतेक वेळा कुत्रंही फिरकत नाही. गर्दी होते ती दोन-चार वर्षांनी, बोअरची गाडी फाटकातून आत शिरते तेव्हा. मग पाण्याचा परवाना द्यायचा की नाही यावर तावातावाने भांडण. मला ते भांडण चूक वाटत नाही, त्याची तारीख चूक वाटते. जागा उद्योगाची ठरली, रस्ता झाला, वीज आली, कुणी कर्ज काढून शेड उभी केली आणि आता आपण म्हणतोय, "पाणी देऊ नका." वरातीमागून घोडं!

मेक्सिकोतल्या मेहिकालीत हेच झालं. बिअरच्या मोठ्या कारखान्याबद्दल लोकांचा कौल घेतला मार्च २०२० मध्ये. मत द्यायला आलेल्यांपैकी सुमारे ७६ टक्के लोक 'नको' म्हणाले. तोवर कारखान्याचं जवळजवळ ७० टक्के बांधकाम उरकलं होतं.

केरळातलं प्लाचिमडा तर अनेकांना आठवत असेल. शीतपेयाचा कारखाना २००० साली सुरू झाला. त्याला परवाना देणाऱ्या पेरुमाट्टी पंचायतीनेच २००३ मध्ये नूतनीकरण नाकारलं. त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी निकाल दिला की भूजल ही लोकांची ठेव आहे आणि सरकार तिचं विश्वस्त. २००५ मध्ये खंडपीठाने तो निकाल फिरवला आणि ठरावीक मर्यादेत उपसा करायला मुभा दिली. कारखाना मात्र २००४ मध्येच थांबला होता. एका परवान्यावरून एवढं रामायण, आणि मूळ प्रश्न साधा होता: या खडकात या कामापुरतं पाणी आहे का? तो आधी विचारायचा होता.

आता अहवालांविषयी, कारण माझा खरा राग तिथे आहे. प्रकल्प अहवालात एक वाक्य ठरलेलं असतं: 'वार्षिक पुनर्भरणापेक्षा उपसा कमी असल्याने परिणाम नगण्य.' वाचायला किती शहाणं वाटतं! पावसाचं जेवढं मुरतं त्यापेक्षा कमी काढतोय, मग बिघडलं कुठे? पण कारखाना येण्याआधी ते मुरलेलं पाणी जमिनीखाली कुणाची वाट बघत बसलं नव्हतं. ते झऱ्यातून, ओढ्यातून, नदीच्या पात्रातून, झाडांच्या मुळांवाटे बाहेर पडतच होतं. चार्ल्स थाइस या अमेरिकी भूजलतज्ज्ञाने १९४० सालीच हा हिशेब मांडला होता. उपशाचं पाणी तीनच वाटांनी येतं: साठा घटतो, बाहेर वाहणारं कमी होतं, किंवा बाहेरून जास्त पाणी आत ओढलं जातं. चौथी वाट नाही. म्हणजे 'शिल्लक' पाणी ज्याला म्हणतात, तो उन्हाळ्यात वाहणारा कुणाचा तरी ओढा असतो.

आणि हे लगेच दिसत नाही, हीच मेख आहे. उपशाचा परिणाम ओढ्यापर्यंत पोचायला वर्षं लागतात, कधी दशकं. ७२ तास पंप चालवून चाचणी घेतली, तर त्या बोअरला पाणी किती लागेल आणि आसपासचा खडक कसा आहे ते बऱ्यापैकी कळतं. पंधरा वर्षांनी ओढ्याचं काय होईल, ते ७२ तासांत कसं दिसणार?

शिवाय परवाना एकेका बोअरचा असतो. पहिल्याचा परिणाम नगण्य, दुसऱ्याचा नगण्य, चाळिसाव्याचाही नगण्य. चाळीस नगण्यांची बेरीज कुठल्या टेबलावर होते? परवान्याच्या टेबलावर होत नाही, कारण तिथे फाईल एकेकच येते. ती होऊ शकते फक्त झोन ठरवताना, कारण तिथेच अख्खा पट्टा एकदम समोर असतो. मी पुन्हा पुन्हा नकाशाकडे बोट दाखवतो ते यासाठी.

उद्योगवाल्यांनो, हे तुमच्याविरुद्ध आहे असं समजू नका. १८४३ सालचा अ‍ॅक्टन विरुद्ध ब्लंडेल हा इंग्लंडमधला गाजलेला खटला पाहा. विहीर आटली होती ती एका सूतगिरणीची, आणि आटवली कोळशाच्या खाणीने. गिरणीवाल्याला भरपाई मिळाली नाही. ज्याने आपल्या जमिनीत खोल खणलं, त्याचं पाणी. पुढे १८६१ मध्ये ओहायोच्या न्यायालयाने भूजलाची हालचाल इतकी गूढ आणि लपलेली ठरवली की तिच्यावर कायदा बसवणंच अशक्य म्हटलं. त्याच्या पाचच वर्षं आधी फ्रान्समध्ये दार्सी नावाच्या अभियंत्याने वाळूतून पाणी किती वेगाने झिरपतं याचं सूत्र छापलं होतं, ही त्यातली गंमत.

टोकियोने वेगळं केलं. कारखान्यांच्या उपशाने शहराचा पूर्वेकडचा सखल भाग काही ठिकाणी चार मीटरहून जास्त खचला होता. १९५६ च्या कायद्याने ठरावीक पट्ट्यांत औद्योगिक विहिरींवर बंधनं आली, आणि कारखान्यांना नुसतं 'नाही' न म्हणता पर्यायी पाणी नळाने दिलं. बंधनं पुढे वाढत गेली, पातळी वर आली. इतकी, की उएनो आणि टोकियो इथली जमिनीखालची स्थानकं पाण्याच्या दाबाने उचलली जाऊ नयेत म्हणून त्यांना खालच्या जमिनीशी जखडून ठेवावं लागलं. खचलेली जमीन मात्र वर आली नाही. चिकणमातीचे थर एकदा दबले की दबले.

तर हरकती-सूचनांची मुदत सुरू असेल तेव्हा दोन गोष्टी लेखी विचारा. पट्ट्यातले सगळे भूखंड भरल्यावर एकूण उपसा किती? आणि कुठल्या निरीक्षण विहिरीत पातळी किती खाली गेली की पंप कमी करायचे, नि ते बंद करायला जाणार कोण? पहिल्याचं काहीतरी उत्तर मिळतं. दुसऱ्याचं मी आजवर एकदाही लेखी पाहिलेलं नाही. नोटीस बहुधा पेपरच्या आतल्या पानावर, लग्नाच्या जाहिरातींच्या खाली असते. तिथे बघत जा.