लोकांना कळत नाही म्हणण्याआधी बॉक्सची वायर तपासा

वाचनालयात चांगला सिनेमा लावला की अर्ध्या तासात निम्मा हॉल रिकामा होतो, आणि मग कार्यकर्ते म्हणतात, आपल्याकडे असलं चालत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडे हेच. मला हे अजिबात पटत नाही. कडोलीला, उचगावला, येळ्ळूरला साहित्य संमेलनाच्या मांडवात दिवसभर बसून परिसंवाद ऐकणारी माणसं हीच आहेत. ती उठून जातात कारण त्यांना संवाद ऐकू येत नाहीत.

म्हणून आधी आवाज. सिनेमाचा आवाज बहुतेक वेळा ५.१ असतो, म्हणजे सहा वाटांनी (चॅनलांनी) येतो, आणि माणसांचं बोलणं मुख्यतः मधल्या वाटेत असतं. आपल्याकडे बॉक्स, म्हणजे स्पीकर, दोन. लॅपटॉपने फक्त डावी-उजवी वाट बाहेर सोडली तर संगीत दणदणीत वाजतं आणि बोलणं कुजबुजल्यासारखं येतं. मग कोणीतरी आवाज वाढवतो, संगीत कानठळ्या बसवतं, बोलणं तरीही कळत नाही. व्हीएलसी या लॅपटॉपवर सिनेमा चालवण्याच्या प्रोग्राममध्ये ऑडिओच्या यादीत स्टिरिओ मोड स्टिरिओवर ठेवा. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्सवरून दाखवत असाल तर आवाजाच्या सेटिंगमध्ये पीसीएम नावाचा पर्याय निवडा.

बॉक्स बहुधा गणपतीचेच असतात आणि ते गाण्यांसाठी लावलेले असतात. मिक्सरवर बास निम्म्याच्या खाली आणा. दोन्ही बॉक्स पडद्याच्या दोन बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. मागे ठेवले तर बोलणारा समोर दिसतो आणि आवाज पाठीमागून येतो. ब्लूटूथ नको, त्यात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात. वायरने जोडल्यावर घूंऽऽ असा आवाज आला, तर लॅपटॉप आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. तरी राहिला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. बहुतेकदा तिथेच थांबतो.

पत्र्याचं छप्पर आणि खाली फरशी असलेल्या हॉलमध्ये शब्द घुमतो. खाली सतरंज्या अंथरा, मागच्या भिंतीला दोन-चार घोंगडी किंवा जाड चादरी टांगा, लगेच फरक पडतो. आणि जून ते सप्टेंबर पत्र्याखाली संथ सिनेमा लावूच नका. खानापूरच्या पावसात शांततेचा प्रसंग ऐकू येणं शक्य नाही, आणि चांगल्या सिनेमाचं निम्मं काम शांततेत चालतं.

चित्राचं त्या मानाने सोपं आहे. ८ फूट रुंद आणि साडेचार फूट उंच पडदा ५०-६० जणांना पुरतो. शेवटची रांग २५ फुटांच्या आत ठेवा, नाहीतर खालच्या ओळी (सबटायटल्स) वाचता येत नाहीत. प्रोजेक्टर ३००० एएनएसआय ल्यूमेनचा (ल्यूमेन म्हणजे प्रकाशाचं माप) घ्या. खोक्यावर नुसतं ‘ल्यूमेन’ लिहिलेलं असेल तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. खिडक्यांना काळं कापड लावा. विजेचा भरवसा नसेल तर प्रोजेक्टर इन्व्हर्टरवर घ्या, कारण दिव्याचा प्रोजेक्टर धाडकन बंद झाला की आतला दिवा नीट थंड होत नाही आणि त्याचं आयुष्य कमी होतं.

आता काय दाखवायचं. माझं ठाम मत आहे की सीमाभागाने मराठी आणि कन्नड सिनेमे जोडीनं पाहावेत. दोन्ही भाषा रोज कानावर असणारा प्रेक्षक पुण्यात सहज मिळत नाही आणि म्हैसूरलाही नाही. तो इथं आहे, आणि आपण त्याचा उपयोगच करत नाही.

माझी पहिली जोडी ‘कोर्ट’ (२०१४, चैतन्य ताम्हाणे) आणि ‘तबरन कथे’ (१९८६, गिरीश कासारवल्ली). एकात म्हातारा लोकशाहीर, ज्याच्या गाण्यामुळे सफाई कामगाराने जीव दिला असा आरोप आहे. दुसऱ्यात निवृत्त सरकारी नोकर, ज्याची पेन्शन फायलींत अडकली आहे आणि घरी मधुमेहाने बायकोचा पाय सडतो आहे. दोन्हींत खलनायक नाही. प्रत्येक जण आपल्या टेबलापुरतं नियमाने वागतो आणि माणूस चिरडला जातो. ‘कोर्ट’मध्ये मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा चार भाषा आहेत. कचेरी कोणत्या भाषेत बोलते यावर सामान्य माणसाचं काय होतं, हे बेळगावात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. ‘पुढची तारीख’ या शब्दांचं वजन इथल्या प्रेक्षकाला माहीत आहे.

‘कोर्ट’ लावताना एक काळजी घ्या. शेवटाकडे सुट्टी लागते, न्यायालयाचे दिवे एकेक करून बंद होतात आणि पडदा काळा होतो. तो शेवट नव्हे. पुढचा भाग अत्यंत महत्त्वाचा आहे. ट्यूबलाइटच्या बटणाजवळ बसणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो दिवे लावतो आणि माणसं चपला शोधायला लागतात.

दुसरी जोडी मरणाची. ‘तिथी’ (२०१५, राम रेड्डी) मंड्या जिल्ह्यातल्या गावात, गावच्याच माणसांना घेऊन केलेला. शंभरी ओलांडलेला म्हातारा जातो आणि अकराव्याच्या जेवणापर्यंत तीन पिढ्या आपापल्या वाटेनं जातात. ‘विहीर’ (२००९, उमेश कुलकर्णी) मध्ये मित्रासारखा नात्यातला भाऊ गेल्यावर एक मुलगा एकटा ते कोडं सोडवू बघतो. पहिल्यात मरण अख्ख्या गावाचं, दुसऱ्यात एकट्याचं. आधी ‘तिथी’ लावा, हसू येतं. मात्र मंड्याची कन्नड आपल्याकडच्या कन्नडपेक्षा पुष्कळ वेगळी आहे, घरात कन्नड बोलणाऱ्यालाही ती जड जाते. मराठी ओळी लागतीलच.

त्या ओळी स्वतः तयार करता येतात. एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५-४० अक्षरं, आणि सहा सेकंदांहून जास्त ठेवू नका. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. ओळी सुरुवातीपासून सारख्याच अंतराने पुढे-मागे असतील तर व्हीएलसीमध्ये जी आणि एच ही बटणं दाबून जुळवता येतात. पण सुरुवातीला बरोबर आणि तासाभरानं अडीच मिनिटं चुकत असतील, तर ती फाइल सेकंदाला २५ फ्रेमच्या (चित्रांच्या) आणि तुमचा सिनेमा २३.९७६ फ्रेमच्या वेगाचा आहे (किंवा उलट). तिथे जी-एच दाबत बसून काही होत नाही, फाइलचा वेगच बदलावा लागतो.

निपाणी, चिकोडी, रायबाग या ऊसपट्ट्यात ‘सामना’ (जब्बार पटेल, पटकथा विजय तेंडुलकर) लावायलाच हवा. साखर कारखान्याच्या सत्तेवर इतकं धारदार मराठीत दुसरं नाही. गाळप चालू असताना नको, माणसं रात्रपाळीला असतात.

लहान मुलांसाठी शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’. चित्रीकरण आगुंब्याचं, भाषा हिंदी, भाग साधारण २०-२५ मिनिटांचे. दोन भाग दाखवून थांबा.

परवानगीचं मात्र टाळू नका. घरच्या ओटीटी वर्गणीवर सार्वजनिक खेळ करता येत नाही. शिवाय जुन्या वायरीतून प्रोजेक्टरला जोडलं की कित्येकदा आवाज येतो आणि पडदा काळाच राहतो. नक्कल रोखण्यासाठी ते संरक्षण मुद्दाम ठेवलेलं असतं. निर्मात्याला महिनाभर आधी पत्र लिहा. गाव, हॉल, किती माणसं, तिकीट आहे की मोफत, हे चार तपशील त्यात स्पष्ट द्या.

वेळ रात्री आठची, डेअरीला दूध घालून झाल्यावर. सिनेमा संपल्यावर वीस मिनिटं बोलायला ठेवा आणि ‘कसा वाटला?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात आणि गप्प बसतात. ‘तबरन कथे’नंतर विचारा की त्याला नक्की कोणत्या टेबलावर वाचवता आलं असतं. कोणाच्या तरी घरात अडकलेली फाइल असतेच, बोलणं तिथून सुरू होतं.