‘ओवीला गिटार कशाला?’ – एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

दादा, नमस्कार. चार नवीन गाणी आणि रेडिओवरचा कार्यक्रम, याबद्दल मी टाकलेल्या पोस्टवर तुमची प्रतिक्रिया आली, तिला खाली दोन ओळीत उत्तर देणं बरं दिसलं नसतं म्हणून वेगळं लिहितेय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: दादांचं म्हणणं असं की जात्यावरच्या ओव्या जात्यावरच शोभतात, मी त्यांना गिटार लावून रिमिक्स केलाय आणि मूळ चाल घालवली, बहिणाबाईंची गाणी बघा कशी मूळ चालीत टिकून आहेत. शिवाय खेड्यातल्या आयाबायांच्या ओव्या गोळा करून मी स्वतःच्या नावावर खपवते, आणि रेडिओ शो म्हणजे माझीच जाहिरात, ती पण अशी की जी आता कुणी ऐकत नाही. शेवटी ‘राग मानू नका’ असंही लिहिलंय. मानला थोडा, खोटं कशाला बोलू, पण प्रश्न खरे आहेत त्यामुळे एकेक करून घेते, क्रम तुमचाच राहील असं नाही.

बहिणाबाईंपासूनच सुरू करू कारण ते उदाहरण तुम्ही फार ठामपणे दिलंय. बहिणाबाई गेल्या 1951 ला. शेतात नाहीतर जात्यावर त्या जे म्हणायच्या ते त्यांच्या मुलाने, कवी सोपानदेवांनी वगैरे कागदावर उतरवून ठेवलं म्हणून 1952 मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट पुस्तक निघालं. आणि ‘अरे संसार संसार’ म्हटलं की तुमच्या माझ्या कानात जी चाल आपोआप वाजते ती 1961 च्या ‘मानिनी’ सिनेमातली, वसंत पवारांची. बहिणाबाई जाऊन दहा वर्षं झाल्यावरची. स्टुडिओत वाद्यं लावून, फिल्मवाल्या गायिकांकडून गाऊन घेतलेली. मला ती चाल अतिशय आवडते, तमाशाचं अंग अंगात मुरलेला माणूस होता तो, पण तिला मूळ चाल म्हणायचं असेल तर मग मूळ म्हणजे आपण लहानपणी पहिल्यांदा ऐकलेली, एवढाच अर्थ उरतो. मग मलाही माझ्या भाचीच्या पिढीसाठी एखादी मूळ चाल करायला हरकत नसावी ना? (हे जरा आगाऊपणाचं झालं, राहू दे.)

आता जातं. तुम्ही म्हणता जात्यावरच शोभतं, पण जातं आहे कुठं दादा? माझं माहेर परभणी जिल्ह्यातलं, आमच्याकडे विजेची गिरणी आली आणि पहाटेचं दळण बंद झालं, आणि एकाही बाईने त्याबद्दल हळहळ केलेली मी ऐकली नाही, का करावी, पहाटे उठून घरातल्या दहा माणसांचं पीठ काढायचं म्हणजे खांदे मोडायचे. गाणं त्या कष्टाला टेकू म्हणून होतं. आता जातं निघतं ते लग्नाच्या हळदीला, खुंट्याला हळकुंड बांधतात, पाच सुवासिनी हात लावतात, दोनतीन ओव्या होतात आणि मग डीजे. मग तुमच्या नियमाने ओवी वर्षातून लग्नसराईत पाच मिनिटं ऐकायची. हा नियम मला मान्य नाही.

आणि ज्याला खरंच अस्सल, काही न मिसळलेलं ऐकायचंय त्याच्यासाठी सोय आहे की, उत्तम सोय आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी 80 च्या दशकापासून गावोगाव हिंडून, स्थानिक बायका-पुरुषांना सोबत घेऊन एक लाखाच्या वर ओव्या जमवल्या, हजाराच्या वर गावं, तीन हजारांच्या वर गाणाऱ्या बायका, आणि 90 च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्याबरोबर कितीतरी तासांचं रेकॉर्डिंग झालं. हे सगळं 2017 पासून ‘पारी’वर, म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या वेबसाइटवर, टप्प्याटप्प्याने येतंय, शब्द, आवाज, गाणाऱ्या बाईचं नाव, गाव, सगळं, फुकट. मी स्वतः तिथंच शिकलेय. एवढं मोठं काम झालेलं असताना मी हातात माइक घेऊन तेच पुन्हा, त्याहून वाईट, करण्यात काय अर्थ आहे. जपण्याचं काम जपणाऱ्यांनी केलंय. मला जे करायचंय ते त्याच्या पुढचं: ओवीत आजच्या बाईने नवीन ओळ टाकावी. कारण ओवी आधीपासून अशीच चाललीय, पहिली ओळ आईची, दुसरीत स्वतःच्या भावाचं नाव, नाहीतर सासरच्या गावाचं. माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्या ऐका त्याच संग्रहातल्या, 1996 मध्ये रेकॉर्ड केलेल्या. ओवीचा तोच साचा, आणि आत बाबासाहेब. त्यांना कुणी म्हटलं असतं की बाई, मूळ ओवीत राम असतो, तुम्ही बिघडवताय, तर?

गिटारचं बोलू. एक तर ती रिमिक्सवाली गिटार नाहीये, पहिल्या तीन गाण्यात ती फक्त दोन मोकळ्या तारांवर सूर धरून आहे, एकतारीचंच काम करते. एकतारी का नाही वापरली? वापरली, चौथ्या गाण्यात आहे, तुम्ही बहुतेक तिथपर्यंत गेला नाहीत. दुसरं, परदेशी वाद्य म्हणून राग असेल तर भजनातली पेटी कुठली आपली? तीही युरोपातून आलेली, आणि आकाशवाणीने तिला 1940 पासून 1971 पर्यंत दारात उभं केलं नव्हतं, कारण काय तर ती भारतीय संगीताला शोभत नाही. आज गावातल्या भजनी मंडळातून पेटी उचलून बघा काय होतं ते.

खरी मारामारी झाली ती तालाची, आणि यावर कुणी बोललं असतं तर मला जास्त आनंद झाला असता. आम्ही खरं जातं रेकॉर्ड केलं, एका मावशींकडे अजून वापरात आहे, कडधान्य भरडायला. आता जात्याचा फेरा काही घड्याळासारखा नसतो. ओढताना जोर लागतो, ढकलताना आवाज सैल होतो, मूठभर वैरण, म्हणजे दाणे, घातली की पाळू, म्हणजे जात्याचा दगड, जड होते आणि गाणं दमाने येतं, दाणा संपत आला की पाळू हलकी होऊन फेरा पळायला लागतो, आणि गाणाऱ्या बाईचा श्वास त्याच्याबरोबर मागेपुढे होत राहतो. स्टुडिओत पहिल्यांदा गेलो तर साउंडवाल्या मुलाने सवयीने सगळं क्लिकवर, म्हणजे मशीनच्या एकसारख्या टिकटिकीवर, बसवून टाकलं, ऐकायला एकदम स्वच्छ, आणि एकदम मेलेलं. मग क्लिक काढला आणि गिटारवाल्याला सांगितलं की तू मावशींच्या खांद्याकडे बघून वाजव. त्याने शिव्या घातल्या मला, पण वाजवलं. दुसऱ्या गाण्यात मध्येच चाल रेंगाळल्यासारखी वाटते, तुम्ही त्याला ‘बेताल’ म्हटलंय, ती वैरण घालायची जागा आहे. ती मी मुद्दाम ठेवलीय आणि पुढच्या वेळीही ठेवणार.

आता नावाचा आणि पैशाचा मुद्दा. हा सगळ्यात जड आहे आणि तुम्ही विचारलात हे चांगलं केलंत, टोन सोडून. गाणी ऑनलाइन टाकायची तर डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ती वेगवेगळ्या अ‍ॅपवर पोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्ममध्ये गीतकार, संगीतकार असे रकाने असतात आणि ते रिकामे सोडता येत नाहीत. तिथं स्वतःचं नाव टाकणं अगदी सोपं असतं आणि तसं टाकणारे भरपूर आहेत, मोठमोठ्या गाण्यांवर ‘पारंपरिक’ शब्द शोधून सापडत नाही. मी शब्दांच्या रकान्यात ‘पारंपरिक’ लिहिलंय, आणि ज्या बाईच्या तोंडून ती ओवी आणि तो गळा, म्हणजे ती चाल, मी घेतला तिचं नाव आणि गाव गाण्याच्या माहितीत आहे, तिला विचारून. एकीने नाव नको म्हटलं, सासरी कटकट होईल म्हणाली, तिथं फक्त तालुका आहे. माझं नाव गायिका आणि संयोजन एवढ्यालाच.

दुसरं असं की ओवीचा कर्ता कुणी एक सापडत नाही म्हणून त्या बाईचा हक्कच नाही असं नसतं. तिचा आवाज रेकॉर्ड झाला की तो तिचा परफॉर्मन्स, आणि आपल्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क वेगळा धरलाय, 50 वर्षांचा, 2012 च्या दुरुस्तीने तो आणखी पक्का केला. त्यामुळे ज्या दोन गाण्यांत मावश्यांचा आवाज आहे तिथं लेखी करार आहे, मराठीत, वाचून दाखवून, आणि मानधन रेकॉर्डिंगच्या दिवशीच दिलेलं आहे. नंतरच्या पैशाची वाट बघायला लावायची नाही एवढं मी ठरवलंय, कारण नंतरचे पैसे म्हणजे काय ते सांगते. स्पॉटिफायवर 2024 पासून नियम असा आहे की एखादं गाणं आधीच्या 12 महिन्यांत किमान 1000 वेळा वाजलं नाही तर त्याचे पैसेच मोजत नाहीत. ओवीला हजार म्हणजे खूप झाले हो. बँडकॅम्पवर, म्हणजे गाणी थेट विकायच्या साइटवर, बरं आहे, ते 15 टक्के घेतात डिजिटल विक्रीवर, पेमेंटचा खर्च वेगळा, उरलेल्यातलं अर्धं आम्ही त्या मावश्यांना देतो. रक्कम ऐकून तुम्ही हसाल म्हणून लिहीत नाही. खपवण्याचा धंदा करायचा असता तर मी लग्नात वाजणारं काहीतरी केलं असतं.

आणि एक गोष्ट जी बाहेरून दिसत नाही: यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये, म्हणजे गाण्यावरचा हक्क आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, मी ही गाणी टाकत नाही. टाकली की सिस्टीम मिळतीजुळती गाणी शोधत बसते, आणि उद्या कुणा नातवाने आजीची तीच ओवी फोनवर शूट करून चढवली तर तिच्यावर माझ्या नावाने क्लेम लागू शकतो. आजीच्याच ओवीवर. हे होताना मी दुसऱ्यांच्या बाबतीत बघितलंय. त्यापायी जे दोनचार रुपये जातात ते जाऊ देत.

राहता राहिला रेडिओ. ‘आता कोण ऐकतं’ हा प्रश्न तुम्ही पुण्यामुंबईतून विचारताय हे कळतं. आमचा कार्यक्रम आकाशवाणीवर नाही, एफएमच्या जाहिरातवाल्या चॅनेलवर पण नाही, तो तालुक्यातल्या कम्युनिटी रेडिओवर आहे. म्हणजे साधारण 100 वॉटचा ट्रान्समीटर, 30 मीटरच्या आतला टॉवर, आणि सपाट भाग असेल तर दहापंधरा किलोमीटर. मध्ये टेकडी आली की संपलं. 2006 च्या धोरणानंतर स्वयंसेवी संस्थांना असे रेडिओ काढायला परवानगी मिळाली, तोवर फक्त कॉलेज-विद्यापीठांना होती. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी ऐकली असेल तुम्ही, तसल्या जातीचं. यातली मजा अशी की ऐकणारा आणि बोलणारा एकमेकांना बाजारात भेटतात. मागच्या महिन्यात एका भागात एक ओवी चुकीच्या गावावर ढकलली गेली म्हणून एक बाई थेट स्टुडिओत आली, ‘आमच्या आत्याची आहे ती’ म्हणत, आणि मग तिलाच बसवलं माइकपुढं.

माझी जाहिरात म्हणाल तर हिशोब सरळ आहे. तासाभरात माझं एक गाणं, तेही शेवटी, कधीकधी वेळ संपला म्हणून तेही नाही. बाकी वेळ बायकांची न कापलेली रेकॉर्डिंग, मध्येमध्ये गप्पा, आणि फोन. फोनवरच्या ओव्या हाच खरं तर कार्यक्रम आहे. कुणी भाजी निवडत म्हणतं, कुणाचा कुकर शिट्टी देतो. एका काकूंनी स्टुडिओ बघितला आणि तिथंच जोडून म्हटलं:

पहिली माझी ववी गं, रेडिओच्या टावराला
आवाज माझा गेला, चार कोसाच्या माहेराला

चार कोस म्हणजे बारा-तेरा किलोमीटर, म्हणजे आमची रेंज त्यांनी इंजिनिअरपेक्षा बरोबर सांगितली. आता सांगा दादा, ही ओवी मूळ की बिघडलेली? जातं नाही, पहाट नाही, समोर माइक आणि एसी. मला तर ती संग्रहातल्या कुठल्याही ओवीच्या शेजारी बसेल अशी वाटते.

तुमचा एक मुद्दा मात्र बरोबर आहे, ऐकायची साधनं कमी होतायत. पूर्वी साध्या फोनला इअरफोन लावला की तीच अँटेना, एफएम सुरू. आता नव्या स्मार्टफोनात बऱ्याच वेळा एफएमच नसतं, इअरफोनचं भोकही नसतं. 2023 मध्ये सरकारने कंपन्यांना एफएम द्या म्हणून सांगितलं, पण पोरं रेडिओसाठी फोन घेत नाहीत हे उघड आहे. ऐकणाऱ्यांत चाळिशीच्या पुढच्या बायका आणि हॉटेलवाले जास्त. मला ते चालतं, कारण ओव्या त्यांच्याकडेच आहेत. पोरांसाठी ती चार गाणी केलीत, गिटार घालून, तुम्हाला न आवडलेली.

तुम्ही लिहिलंय की तुमची आई ‘या चालीत म्हणत नव्हती’. कुठल्या चालीत म्हणायची? कुठलं गाव? हे विचारतेय ते टोमणा म्हणून नाही, एकेका गावात तीन-तीन गळे असतात आणि कितीतरी गावांचा मला एकही मिळालेला नाही. येत असेल तशी फोनवर म्हणून पाठवा, आवाज बिघडलाय, पंखा चालू आहे, काही हरकत नाही. कार्यक्रमात लावायची परवानगी आहे की नाही तेवढं सोबत लिहा.

कार्यक्रम रविवारी दुपारी तीनला, बुधवारी सकाळी पुन्हा. रेंजच्या बाहेरच्यांसाठी रेकॉर्डिंग सोमवारी चढवते, त्यात माझं गाणं कापलेलं असतं, डिस्ट्रिब्युटरबरोबर एक वाद चालू आहे त्याच्यामुळे. म्हणजे तुमच्यासाठी सोयीचंच.